आबा, पट्टी धरा

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याने मे महिन्यात सांगलीत राहू नये. बाहेर 40 अंश, आणि एक्स्पोर्ट लावला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायला घेतली, की माझ्या कॉम्प्युटरचा रायझन 5 5600 एक्स प्रोसेसर अक्षता पडायच्या आत 95 वर. ती त्याची हद्द. तिथं पोचला की जळू नये म्हणून तो आपणहून वेग कमी करतो. परिणामी नवरा-नवरी महाबळेश्वरहून परत आली, तरी त्यांची हळद माझ्याकडं ओलीच.

प्रोसेसरला गार ठेवायला त्याच्याबरोबर फुकट आलेला कूलर काढून मोठा टॉवर कूलर बसवायचं ठरलं. दुकानदार म्हणाला, “दहा मिनिटांचं काम ओ.” तेवढा वेळ तर स्क्रूच्या पिशव्या ओळखण्यातच गेला. निम्मे स्क्रू इंटेलवाल्यांचे, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरसाठीचे. पत्रकात अक्षर नाही, नुसती चित्रं, आणि चित्रातल्या हाताला घाम येत नाही. छताच्या पंख्यानं पत्रक उडायला लागलं. मग प्रोसेसरला वारा मिळावा म्हणून घरादाराचा वारा बंद.

जुना कूलर सरळ ओढायचा नसतो. दोघांच्या मधे उष्णता वाहून न्यायला लावलेल्या, वाळलेल्या पेस्टनं तो प्रोसेसरला धरून बसतो आणि त्याला सॉकेटमधून, म्हणजे त्याच्या बसायच्या जागेतून, उपटून वर आणतो. ह्या प्रोसेसरच्या पोटाला 1331 पिना. वाकल्या की रडा. म्हणून आधी मशीन तापवायचं, बंद करायचं, मग कूलर डावी-उजवीकडं हळूहळू फिरवत सोडवायचा. तापायला माझ्या मशीनला वेगळं सांगावं लागत नाही.

खरी गंमत मागच्या पट्टीची. जुन्या कूलरचे चार स्क्रू मदरबोर्डामागच्या ह्याच पट्टीत शिरलेले. ते निघाले की पट्टी मागं गळून पडते, आणि नव्यालाही तीच लागते. आई लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती, म्हणून आबांना बोलावलं. मधे उभं कॅबिनेट, अंतरपाट धरल्यासारखं. अलीकडं मी, पलीकडं आबा.

“आबा, घट्ट धरा.”

“धरलीय. हळदीला दर बरा निघालाय म्हणं.”

“हलवू नका!”

“मी हलतोय होय? तुझंच भोक चुकालंय.”

नवा कूलर ज्यावर बसतो ते ब्रॅकेट आवळले गेले. पट्टी आता आपली आपण राहणार होती. “सोडा आता,” म्हटलं, तर म्हणाले, “तुझा भरवसा न्हाई.”

पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, असं मी मोठ्यानं म्हणालो. आतून आई, “कुठला तांदूळ? आंबेमोहर का बासमती?” शंका रास्त होती. कुठल्याच पत्रकात ह्याचा खुलासा नाही. मी मधला मार्ग म्हणून कोलम धरला.

मग कूलर ठेवून दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीनं, थोडे थोडे. एकच बाजू आवळली तर तळ तिरका बसतो. पंखा तारेच्या क्लिपांनी अडकवताना बोटाची सालपटं निघाली. रॅम आणि पंखा यांच्यात जेमतेम कागद जाईल एवढी फट उरली, पण उरली.

एक्स्पोर्ट लावला. आकडा 74 वर जाऊन थांबला. उरलेले इंटेलचे स्क्रू आबांनी बिस्किटांच्या डब्यात टाकले. त्या डब्यातून आजवर काही परत आलेलं नाही. मग खुर्ची ओढून त्यांनी स्क्रीनवर पंगत शेवटपर्यंत बघितली.

“तू गेलतास न्हवं शूटिंगला? मठ्ठा कसा होता?”