‘पाच वर्षं थांबा’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका भजनी मंडळाच्या ग्रुपवरून फिरत फिरत तो मेसेज माझ्या बहिणीच्या सासूबाईंकडे, म्हणजे काकूंकडे पोचला आणि रात्री साडेदहाला बहिणीचा फोन आला, "दादा, ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू या म्हणतायत घरात." तिचा मुलगा सात महिन्यांचा आहे, त्याला फॅलोज टेट्रालॉजी आहे, म्हणजे हृदयात जन्मजात चार दोष एकत्र. एरवी असले मेसेज मी न वाचताच उडवतो.

मेसेजचं म्हणणं असं: हृदयातलं छिद्र आपोआप बुजतं, इकोत निळा रंग दिसतो ते अशुद्ध रक्त, अर्जुनाच्या सालीच्या काढ्याने साफ होतं, पाच वर्षांपर्यंत हृदय कच्चं असतं, चाकू लावू नका, ऑपरेशन झालेलं मूल पळू शकत नाही, बाकी सगळा पैशाचा खेळ.

छिद्राचं अर्धं खरं आहे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं बारीक छिद्र पुष्कळदा बुजतं. बरं, मान्य. पण भाच्याचं छिद्र मोठं आहे, फुफ्फुसाकडची वाट अरुंद आहे, महाधमनी छिद्रावर सरकलेली आहे आणि जोर लावून लावून उजवा कप्पा जाड झालाय. वाट अरुंद असताना नुसतं छिद्रच बुजलं, तर त्या कप्प्याने रक्त ढकलायचं कुठे?

निळ्या रंगाचं तर हसूच येतं. इको म्हणजे सोनोग्राफीच. छातीवर ठेवतात त्या प्रोबकडे येणारं रक्त मशीन लाल दाखवतं, लांब जाणारं निळं. काकू, तुमचा इको काढला तरी निळं दिसेल!

‘पाच वर्षं थांबा’ वाचून मात्र माझं डोकं फिरलं. 1978 साली बर्ट्रानू या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशन न झालेल्या अशा मुलांचा हिशेब मांडला. शंभरातली 66 एक वर्षाची झाली, 49 तीन वर्षांची आणि 24 दहा वर्षांची. म्हणजे पाचवा वाढदिवस यायच्या आत निम्म्याहून जास्त मुलं गेलेली. शिवाय थांबून वाट रुंद होत नाही, उलट तिथला स्नायू जाड होऊन ती आणखी आवळते.

गेल्या गुरुवारी मी तिथेच होतो. आंघोळीनंतर रडता रडता त्याचे ओठ आणि नखं जांभळासारखी झाली, श्वास भराभर चालला, मग रडणंच थांबलं. बहिणीने त्याचे दोन्ही गुडघे छातीशी दाबून धरले, सिस्टरने शिकवलं होतं तसे. त्याने पायांकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा होतो आणि जास्त रक्त फुफ्फुसाची वाट धरतं. पायाच्या अंगठ्यावरचा ऑक्सिमीटर 58 वरून हळूहळू 76 वर आला आणि आम्ही तसेच हॉस्पिटलात पळालो. काकू काढ्याची वाटी घेऊन दारात उभ्या होत्या. तेव्हा तो पाजला असता तर सरळ श्वासनलिकेत गेला असता.

ऑपरेशनही काही कालचा प्रयोग नाही. हृदय उघडून आतून दुरुस्ती लिलेहाय या सर्जननी 1954 सालीच केली. आता हृदय-फुफ्फुसांचं काम तेवढ्यापुरतं करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर ठेवून छिद्राला पॅच लावतात, जाड स्नायू कापून वाट मोकळी करतात, आणि हे बहुधा पहिल्या वर्षातच. पुढे फुफ्फुसाकडच्या झडपेतून रक्त उलटं गळू शकतं, कधी ती बदलावी लागते, तपासणी जन्मभर. हे लपवत नाही. पण पळण्याचं म्हणाल तर अमेरिकेचा स्नोबोर्डपटू शॉन व्हाइट हाच दोष घेऊन जन्मला, तान्हेपणीच ऑपरेशन झालं, आणि स्नोबोर्डवर ऑलिंपिकची तीन सुवर्णं घेऊन बसलाय.

पैशांचं काय? 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं येतात, जन्मजात हृदयदोषही येतात. अहमदाबादला यू. एन. मेहता या हृदयाच्या हॉस्पिटलात आपल्या गुजरातच्या मुलांची अशी ऑपरेशनं फुकट होतात. कागद घेऊन सोमवारी मीच निघतोय. तारीख आहे तीच राहील, काकू.