होतकरू सौर-एजंटास

तुम्ही डी.एड. केलेत, भरती निघाली नाही. मग प्लॉटिंगमध्ये हात घातलात, मग विमा विकलात. आता तालुक्याच्या एसटी स्टँडवर ‘सौर प्रकल्पासाठी जमीन पाहिजे’ असा फ्लेक्स बघून तुमच्या मनात चलबिचल सुरू झाली असेल, तर लाजू नका. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, २०२३ साली तिचा दुसरा अवतार निघाला आणि शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी १६ हजार मेगावॉटचे प्रकल्प उभे करायचे ठरले. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. गुणाकार मोबाईलवर होतो. एवढी जमीन कुणीतरी शोधून द्यायची आहे, आणि कंपनीच्या साहेबांना तुमच्या तालुक्यातल्या हॉटेलांपलीकडे काही ठाऊक नाही.

पहिला धडा : ऊन बघत बसू नका. ऊन आपल्याकडे कुणाच्याही बांधावर सारखेच पडते. बघायचे ते उपकेंद्र. तयार झालेली वीज ३३ केव्हीच्या उपकेंद्रात नेऊन सोडायची असते, आणि तार जितकी लांब तितका खर्च व गळती जास्त. म्हणून उपकेंद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आतला खडकही सोन्याच्या भावाचा, आणि वीस किलोमीटरवरची सपाट जमीन नुसती जमीन. अभियंत्याच्या केबिनबाहेर ताटकळू नका, वायरमनला चहा पाजा. कोणत्या फीडरवर किती लोड आहे हे त्याला तोंडपाठ असते.

दुसरा धडा : फायदे सांगताना खरेच बोला. या धंद्याची गंमत अशी की इथे खोटे बोलायची गरजच पडत नाही. जानेवारीत रात्री दोन वाजता लाइट येते म्हणून गव्हाला दारं धरायला गेलेला माणूस तुमचे ऐकतो, कारण एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरे, आणि शेजारच्या उसात बिबट्या आहे की रानडुक्कर याचा अंदाज घेत उभे राहणे म्हणजे काय ते त्याला माहीत असते. दिवसा वीज मिळाली तर तो घरी झोपेल. याहून मोठा फायदा कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नाही. धूर नाही, राख नाही हेही सांगा. कुणी शंका काढली तर त्याला चंद्रपूरला पाठवा. तिथल्या कोळशाच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि तिथे गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे काय होते ते तिथल्या बायका न विचारता सांगतात. दरही सांगा. २०१० च्या सुमारास सौर वीज सतरा-अठरा रुपये युनिट होती, आता मोठ्या प्रकल्पांचे दर तीन रुपयांच्या आत-बाहेर असतात. एवढी स्वस्ताई तुम्ही कांद्याखेरीज कशात पाहिली आहे?

हे सगळे खरे आहे. म्हणूनच पुढचे ऐका.

खासगी जमिनीच्या मागे धावू नका, ती तुमच्या मागे धावत येईल. हेक्टरी सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार रुपये वर्षाचे भाडे आणि त्यावर दरसाल तीन टक्के वाढ. कोरडवाहू सोयाबीनने इतके पैसे कधी दिले? सर्वांत आधी फोन येईल तो पुण्यात स्थायिक झालेल्या मालकाचा. त्याला जमीन नेमकी कुठे आहे ते आठवत नसते, पण सातबारा पीडीएफमध्ये तयार असतो. ती जमीन वीस वर्षे अर्धलीने कसणाऱ्याला यातले काय मिळणार, असे तुमच्या मनात आले तर पाणी प्या. त्याचे नाव सातबाऱ्यावर नाही. जो सातबाऱ्यावर नाही त्याच्याशी आपल्याला बोलायचे नसते, हा तिसरा धडा समजा.

हे काही आपल्याच राज्याचे वैशिष्ट्य नाही. कर्नाटकात तुमकुरु जिल्ह्यात पावगडा म्हणून दुष्काळी तालुका आहे. तिथे सुमारे १३ हजार एकरांवर २,०५० मेगावॉटचा सौर पार्क आहे. जमीन विकत घेतली नाही, एकरी २१ हजार रुपये भाड्याने घेतली. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली, आणि पाऊस पडो न पडो, पैसे खात्यात. योजना चांगली, यात वादच नाही. पण त्या रानात भुईमूग उपटायला, खुरपायला जे जायचे त्यांना भाडे कोण देणार? काचेला खुरपणी लागत नाही.

आता मुख्य विषय, गायरान. इथे तुमचे कसब दिसेल. गायरान सरकारच्या नावावर असते, प्रकल्पाला नाममात्र भाड्याने मिळते, आणि नकाशावर ते रिकामे दिसते. प्रत्यक्षात तिथे शेळ्या, मेंढ्या, दोन-चार ओढ्यांचे उगम, आणि बहुधा कुणाचे तरी शेत असते. मराठवाड्यात भूमिहीन माणसांनी, त्यात दलित घरे जास्त, पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसले आहे. तुम्ही मोजणीला गेलात की एक म्हातारा पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढेल. तिच्यात अतिक्रमणाच्या दंडाच्या पावत्या असतील, घडीवर फाटलेल्या, कडा चिकटपट्टीने सांधलेल्या. सरकारने दंड केला याचा त्याला अभिमान असतो, कारण आपण इथे होतो एवढे तरी त्यातून सिद्ध होते. ‘एक-ई’ला, म्हणजे तलाठ्याच्या अतिक्रमणांच्या नोंदवहीत, नोंद आहे असेही तो सांगेल. तुम्ही पावत्या आदराने हातात घ्या, दोन्ही बाजूंनी बघा, मोबाईलवर फोटो काढा आणि परत द्या. फोटोचे पुढे काही करायचे नाही.

मग ग्रामसभा. गणपूर्तीला मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतले जे कमी ते लागते. तुम्ही घाई करू नका, पहिली सभा तहकूब होऊ द्या. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे कायद्यातले सर्वांत मायाळू कलम आहे. दुसरी सभा सोयाबीनच्या काढणीत आली तर उत्तम. तेव्हा सरपंच, ग्रामसेवक, त्यांचे दोन समर्थक आणि सावलीला आलेली मंडळी असतात. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख मिळणार हे सुरुवातीलाच सांगा. त्या पैशातून शाळा होईल की कमान, यावर जी चर्चा पेटेल तीत गायरानाचा विषय आपोआप मागे पडतो. तरीही मागून एखादी आजी विचारतेच, “आन्‌ आमच्या शेरडांनी कुठं जायचं रं?” यावर उत्तर देऊ नका. “आजी, तुमचा मुद्दा नोंदवून घेतो,” एवढेच म्हणा. इतिवृत्तात तो ‘सर्वानुमते मंजूर’ या शब्दांत नोंदवला जातो.

परदेशांत पॅनेलखाली मेंढ्या चारतात, गवतही कापले जाते आणि मेंढ्याही जगतात, अशी माहिती एखादा शिकलेला पोरगा पुढे करील. त्याला वॉचमनची नोकरी द्या. तसेही उभारणीचे काही महिने सरले की कायमच्या नोकऱ्या मोजक्याच उरतात : पहारा, गवत कापणे, काचा पुसणे. एक त्याची.

भूसंपादनाच्या वाटेला मात्र जाऊ नका. धुळे जिल्ह्यात विखरणला वीज प्रकल्पासाठी जमीन घेतली गेली, नंतर तिथे सौर प्रकल्प करायचे ठरले. एका वृद्ध शेतकऱ्याच्या पाच एकर बागायतीला चार लाखांच्या आसपास मोबदला मिळाला. तो वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिला. जानेवारी २०१८ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्याने मंत्रालयात विष घेतले आणि काही दिवसांनी तो रुग्णालयात वारला. त्यानंतर मोबदल्याची फाईल हलली. इतक्या वर्षांत जे टेबल ओलांडता आले नव्हते ते तिने मग ओलांडले. पुढच्या महिन्यात मंत्रालयाच्या मधल्या चौकात जाळीही बसली, पण ती वरून उड्या मारणाऱ्यांसाठी. यावर विनोद सुचत नाही. पुढे जाऊ.

पर्यावरणवाल्यांची काळजी करू नका. राजस्थानात माळढोकावरून प्रकरण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घालायला सांगण्यापर्यंत गेले, कारण त्या पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही आणि तो तारांवर धडकतो. २०२४ मध्ये तो आदेश सैल झाला. आपल्याकडे ती अडचणच नाही. नान्नजच्या अभयारण्याच्या पाटीवर माळढोक अजून आहे, माळावर जवळजवळ नाही. बिकानेरकडे सौर प्रकल्पांसाठी खेजडीची झाडे पडतात म्हणून बिश्नोई मंडळी आंदोलनाला बसतात. खेजडी म्हणजे आपली शमी. पण आपण दसऱ्याला आपट्यावर भागवतो, तेव्हा तोही प्रश्न मिटला.

प्रकल्प उभा राहिल्यावर त्याच्या गुणदोषांशी तुमचा संबंध संपतो, तरी चारचौघांत बोलायला थोडे माहीत असू द्या. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते, त्यामुळे खानदेशातल्या मेच्या उन्हात ती पाटीवर लिहिल्याइतकी वीज देत नाहीत. होय, पॅनेल तापले की सौर वीज कमी होते. हे गावात सांगू नका, कुणी विश्वास ठेवणार नाही. धूळ बसली की आणखी घट, म्हणून काचा धुवाव्या लागतात, तेही पहाटे, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडले तर ती तडकते. दुष्काळी गावात पहाटे दोन टँकर येतात : एक कुंपणाच्या आत, एक बाहेर. कुठल्या टँकरसमोर हंडे लागतात ते तुम्हाला कळेल.

राहिली संध्याकाळ. वीज दुपारी तयार होते आणि माणसे दिवे, पंखे, टीव्ही संध्याकाळी लावतात. भर दुपारी वीज जास्त झाली की राजस्थानात काही प्रकल्पांना उत्पादन आवरते घ्यावे लागते, आणि रात्री पुन्हा कोळसा आहेच. तुम्हाला यात अडचण दिसली असेल तर तुम्ही अजून शिकाऊ आहात. दुपारची वीज रात्रीपर्यंत धरून ठेवायला बॅटरी लागते, त्यांच्या निविदा निघू लागल्या आहेत, आणि बॅटरीच्या कंटेनरांना उपकेंद्राच्या अगदी भिंतीलगतची जागा हवी असते. तिथे आता एक पंक्चरवाला आणि एक रसवंती आहे. दोघांचीही नावे सातबाऱ्यावर नाहीत. मालक ठाण्याला असतो. गावात दर फुटायच्या आत त्याला गाठून इसारपावती करून टाका.