मिनिमल सर्व्हर इमेज: आपल्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

क्लाउडमध्ये लिनक्स सर्व्हर उभा करताना मिनिमल इमेजच (अगदी मोजकी पॅकेजे असलेली तयार प्रत) घ्यावी, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: डिस्कवरचे तीन-चारशे एमबी वाचवून बिलात काही फरक पडत नाही; सुरक्षितता वाढते हा माझा दावा पुराव्याविना केलेला आहे आणि एक्सझेड या फाइल आवळण्याच्या लायब्ररीत लपवलेल्या चोरदरवाजाचे प्रकरण त्याच्या विरोधात जाते; रात्री दोन वाजता सर्व्हर अडला की त्या उघड्याबोडक्या मशीनवर ना नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा टीसीपीडम्प सापडतो ना प्रोसेस काय करते आहे ते दाखवणारा एसट्रेस; आणि अल्पाइन या अगदी हलक्या लिनक्स वितरणाची सरसकट शिफारस करून मी नागपुरातल्या नवशिक्या मुलांना आडवाटेला लावले आहे. यातला पहिला आणि शेवटचा आक्षेप मला मान्य आहे. मधल्या दोन आक्षेपांवर मी बराच विचार केला, आणि तिथे माझे मत अजूनही आपल्यापेक्षा वेगळे आहे.

डिस्कच्या मुद्द्यावर वाद घालण्याचे कारणच नाही. मशीन घेतानाच आठ-दहा जीबीची डिस्क सोबत घ्यावी लागते, त्यामुळे इमेज लहान असली तरी पैसे तेवढेच जातात. माझ्या लेखातला तो परिच्छेद मी काढून टाकला आहे.

सुरक्षिततेबाबत मी लेखात नुसते विधान केले होते, उदाहरण दिले नव्हते. ते आता देतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्स या छपाईच्या यंत्रणेतील त्रुटी जाहीर झाल्या. कप्स-ब्राउज्ड ही त्यातली सेवा यूडीपी या नेटवर्क पद्धतीच्या ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर (प्रवेशद्वारावर) कोणाकडूनही आलेले पॅकेट खरे मानत होती आणि त्यात दिलेल्या पत्त्यावर जाऊन प्रिंटरची माहिती आणत होती. असा बनावट प्रिंटर यादीत बसला आणि त्याच्याकडे छपाईचे एखादे काम गेले, की हल्लेखोराची आज्ञा आपल्या मशीनवर चालण्यापर्यंत मजल जात होती. बातमी वाचली त्याच संध्याकाळी मी सांभाळत असलेल्या सगळ्या मशीनवर एसएस ही आज्ञा चालवून कोणती पोर्ट उघडी आहेत ते पाहिले. दोन मशीनवर ६३१ उघडे होते. दोन्ही मशीन पूर्ण इमेजवरून उभी केलेली होती, आणि कोणी तरी कधी तरी पीडीएफ तयार करण्यासाठी एक पॅकेज बसवताना त्याच्यासोबत 'शिफारस केलेली' म्हणून छपाईची यंत्रणाही येऊन बसली होती. क्लाउडच्या फायरवॉलने ते पोर्ट बाहेरून बंद ठेवलेले असल्यामुळे नुकसान काही झाले नाही. मला खटकले ते वेगळेच: ज्या मशीनची जबाबदारी माझ्यावर होती, तिच्यावर एक सेवा दोन वर्षे चालू होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. मिनिमल इमेजवर तेच पॅकेज शिफारशी वगळून बसवले असते, तर ती सेवा तिथे आलीच नसती.

एक्सझेडबाबत आपण म्हणता ते बरोबर आहे, की ती लायब्ररी मिनिमल इमेजमध्येही असते. मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याची सेवा) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले आणि त्या धाग्यावरून ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमधला चोरदरवाजा उघडकीस आला. पण तो एसएसएचपर्यंत पोहोचला कसा, हे पाहण्यासारखे आहे. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रचलित सॉफ्टवेअरच्या मूळ कोडला लिबएलझेडएमएची, म्हणजे एक्सझेडच्या लायब्ररीची, गरजच नाही. सेवा सुरू झाल्याची वर्दी सिस्टिमडीला (सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेला) द्यावी म्हणून डेबियन, फेडोरा अशा काही वितरणांनी त्यात लिबसिस्टिमडी जोडली होती, आणि तिच्या पाठोपाठ लिबएलझेडएमए आली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते नवे एक्सझेड पोहोचलेच नव्हते, त्यामुळे तिथली पूर्ण इमेजही सुरक्षित राहिली, हेही मान्य करायला हवे. मिनिमल इमेज घेतली म्हणजे कवच मिळाले, असे मी म्हणणार नाही. २०२४ च्याच जुलैमधील ओपनएसएसएचची त्रुटी जीलिबसी या मूलभूत सी लायब्ररीवर चालणाऱ्या मिनिमल मशीनलाही तेवढीच लागू होती. कोणाच्या पाठोपाठ कोण आले ही साखळी मिनिमल मशीनवर इतकी आखूड असते, की एक माणूस बसून ती वाचू शकतो. माझा दावा एवढाच होता आणि तो मी लेखात इतक्याच मापात मांडायला हवा होता.

आता रात्री दोनचा प्रश्न. आपल्या पत्रातला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि तो मीही सोसलेला आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. गेल्या मे महिन्यात फायरवॉलच्या नियमांत बदल करताना माझ्या हातून एक ओळ चुकली आणि एसएसएच बंद झाले. मी क्लाउडच्या पॅनेलवरून सिरीयल कन्सोल (एसएसएचशिवाय मशीनचा पडदा दाखवणारी खिडकी) उघडला. पडद्यावर लॉगिन विचारणारी ओळ आली, पण द्यायला पासवर्डच नव्हता. क्लाउड इमेजमध्ये वापरकर्त्यांचे पासवर्ड कुलूपबंद असतात आणि प्रवेश फक्त किल्लीने, म्हणजे एसएसएचनेच होतो. त्या क्षणी त्या मशीनवर जगातली सगळी अवजारे असती तरी मी बाहेरच उभा होतो. शेवटी मशीन बंद केली, तिची मूळ डिस्क सोडवली, दुसऱ्या मशीनला जोडली, माउंट केली, नियमांच्या फाइलमधली ती ओळ दुरुस्त केली आणि डिस्क पुन्हा जागेवर नेली. यात पाऊण तास गेला, आणि त्यातला निम्मा वेळ दुसरी मशीन उभी करून तिच्यावर अवजारे बसवण्यातच गेला. तेव्हापासून सर्व अवजारांनी भरलेली एक इमेज मी वेगळी जपून ठेवली आहे. ती फक्त दुरुस्तीच्या वेळी पाच-दहा मिनिटांसाठी चालू होते. इथे मी मिनिमलचा आग्रह मुळीच धरत नाही.

मात्र चालत्या मशीनवरच पाहावे लागते असे दुखणे असले, उदाहरणार्थ एखादी प्रोसेस मध्येच गोठते किंवा पॅकेट वाटेत हरवतात, तर डिस्क सोडवून काही साधत नाही. अशा वेळी 'लागेल तेव्हा बसवू' हा माझ्या लेखातला सल्ला चुकीचा होता, कारण डिस्क भरलेली असते किंवा नेटवर्कच गेलेले असते आणि एपीटीला (पॅकेजे आणून बसवणाऱ्या आज्ञेला) काहीच आणता येत नाही. हा दोष माझा आहे. मी स्वतः टीसीपीडम्प, एसट्रेस, उघड्या फाइल दाखवणारे एलएसओएफ, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) तपासण्याची डिग, फाइल वाचण्याचे लेस आणि ती दुरुस्त करण्याचे विम-टायनी ही सहा अवजारे पहिल्या दिवसापासून बसवतो, पण ते लेखात लिहायचे राहून गेले आणि वाचणाऱ्याचा समज असा झाला की मशीन रिकामीच ठेवायची आहे. माझी पद्धत अशी आहे: डेबियनची जेनेरिक-क्लाउड इमेज घ्यायची, क्लाउड-इनिटच्या (पहिल्यांदा सुरू होताना मशीनची मांडणी करणाऱ्या यंत्रणेच्या) फाइलमध्ये पॅकेजांची यादी लिहायची, आणि प्रत्येक नावासमोर ते का हवे आहे याची एक ओळ मराठीत लिहायची. महिन्यातून एकदा एपीटी-मार्कच्या शोमॅन्युअल या आज्ञेने मशीनवर प्रत्यक्ष काय मागून बसवले आहे ते काढायचे आणि त्या फाइलशी ताडून पाहायचे. ज्याच्यासमोर कारण लिहिता येत नाही, ते पॅकेज काढायचे. पूर्ण इमेजवर हे ताडून पाहणे मी दोनदा करून पाहिले आहे. शेकडो नावांपुढे माणूस अर्ध्यावरच थकतो आणि उरलेली नावे डोळे झाकून मान्य करतो.

अल्पाइनबद्दलचा आपला आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, कारण तो खरा आहे आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली होती. नागपुरातल्या एका जुन्या ग्रंथालयाची सूची मी सांभाळतो. तिचा पोस्टग्रेस डेटाबेस डेबियनवर होता. मशीन हलकी व्हावी म्हणून मी अल्पाइनवर त्याच आवृत्तीचा पोस्टग्रेस बसवला आणि डेटाची डिरेक्टरी जशीच्या तशी तिथे ठेवली. सर्व्हर कुरकुर न करता सुरू झाला. चार दिवसांनी ग्रंथपाल मॅडमचा फोन आला: "यादीत दिसतं, पण शोधलं की मिळत नाही. आणि एकाच लेखकाची नोंद दोनदा झाली आहे."

कारण असे होते: मजकुराचा इंडेक्स हा अक्षरांच्या क्रमावर उभा असलेला वृक्ष असतो. तो डेबियनवर जीलिबसीच्या क्रमाने बांधला गेला होता. अल्पाइनमध्ये जीलिबसीच्या जागी असलेल्या मस्ल लायब्ररीत भाषेनुसार क्रम लावण्याची सोय नाही, तिथे सरळ बाइटांची तुलना होते. रोमन लिपीतली सगळी मोठी अक्षरे आधी आणि लहान नंतर, अशा साध्या गोष्टीतही दोन्ही क्रम वेगळे पडतात. सूचीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावे होती. शोध घेणारा कोड नव्या क्रमाने विचार करत जुन्या क्रमाच्या वृक्षात चुकीच्या फांदीवर उतरत होता आणि 'नाही' म्हणून परत येत होता. 'नाही' असे उत्तर आल्यामुळे तेच नाव पुन्हा नोंदवायलाही त्याने परवानगी दिली. रीइंडेक्स केल्यावर, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधल्यावर, शोध सुधारला, पण त्याआधी दुहेरी नोंदी हाताने जुळवण्यात मॅडमचे आणि त्यांच्या सहायकाचे तीन दिवस गेले.

त्याच वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्यांच्या शाईने लिहिलेल्या जुन्या रजिस्टरमध्ये कावळे, काशीकर, कासार आणि मग काळे असा क्रम होता, कारण आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या नंतर येतो. पडद्यावर मात्र काळे सर्वांच्या आधी आले होते, कारण युनिकोडमध्ये 'ळ'ची जागा 'ल'च्या लगेच पुढे आहे. यावरचा उपाय इमेज बदलणे हा नसून त्या स्तंभाला आयसीयू या लायब्ररीचे मराठी कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम) लावणे हा आहे. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आहे. ते लावल्यावर काळे आपल्या जागी गेले. जीलिबसीवर राहूनही या भानगडीतून सुटका नाही, हेही नोंदवतो: २०१८ च्या २.२८ या आवृत्तीत तिचा क्रम बदलला, तेव्हा अनेकांना डेबियन किंवा उबुंटू अद्ययावत केल्यावर असेच इंडेक्स नव्याने बांधावे लागले.

मस्लला डीएनएसची मोठी उत्तरे टीसीपीवरून मागवता येत नाहीत, हा आपण लिहिलेला दोष खरा होता, पण तो मे २०२३ च्या १.२.४ या आवृत्तीत दूर झाला आणि अल्पाइन ३.१८ पासून मोठी उत्तरे टीसीपीवरून मागवली जातात. अल्पाइनवर टाइमझोनची माहिती वेगळे पॅकेज म्हणून बसवावी लागते; ते नसेल तर आशिया/कोलकाता लिहूनही घड्याळ मुकाट्याने यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर राहते आणि रात्री अकराचा बॅकअप पहाटे साडेचारला सुरू होतो. देवनागरी फॉन्टची गोष्ट कोणत्याही मिनिमल इमेजला लागू आहे. सर्व्हरवर लोहित किंवा नोटो यांपैकी एखादा देवनागरी फॉन्ट बसवला नाही, तर पीडीएफ पावतीवर ग्राहकाच्या नावाच्या जागी चौकोनांची रांग छापली जाते. मराठी माणसांसाठी सर्व्हर चालवणाऱ्याने टाइमझोनचे आणि फॉन्टचे पॅकेज ही दोन नावे यादीच्या अगदी वर लिहावीत.

आपल्या सूचनेप्रमाणे लेखात बदल केले आहेत. अल्पाइनची शिफारस आता फक्त अशा कामापुरती ठेवली आहे जिथे एकच स्वतंत्र बायनरी (स्वतःपुरता पूर्ण असलेला प्रोग्राम) चालते, उदाहरणार्थ गो भाषेत लिहिलेला छोटा प्रॉक्सी; डेटाबेस, पायथनची जडशीळ पॅकेजे आणि पीडीएफ यांच्यासाठी डेबियन. दुरुस्तीच्या इमेजवर वेगळा परिच्छेद घातला आहे, आणि सहा अवजारांची यादी कारणांसह दिली आहे.

आपण शेवटी विचारले आहे, की उबुंटूच्या मिनिमल इमेजसाठी अनमिनिमाइझ ही आज्ञा असताना एवढी चिंता कशाला. ती आज्ञा वगळलेली कागदपत्रे, भाषांतरे आणि पॅकेजे परत आणते. त्यासाठी बरीच पॅकेजे पुन्हा बसवते, आणि त्यात काही अडू शकते अशी सूचना ती स्वतःच सुरुवातीला देते. अडलेल्या मशीनवर रात्री ती चालवू नये. शिकणाऱ्या मुलांनी मात्र ती पहिल्याच दिवशी चालवावी किंवा सरळ पूर्ण इमेज घ्यावी, कारण त्या मिनिमल इमेजमध्ये मॅन पाने (आज्ञांची माहिती देणारी पाने) नसतात आणि आज्ञा शिकताना तिचे मॅन पान समोर असायला हवे. येत्या रविवारच्या आमच्या वर्गात मुलांना पूर्ण इमेजच देणार आहे.

आपला स्नेहांकित,
नागपूर