काळा खडक, भरपूर कार्बन, म्हणजे तेल?

‘डायनासोर गाडले गेले, त्यांचं तेल झालं. ज्या खडकात कार्बन भरपूर, तिथे तेल असणारच. आपल्याकडे एवढा काळा दगड आहे, तरी कुणी खणत नाही.’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय.

आधी डायनासोर. तेल मुख्यतः समुद्रात आणि तळ्यांत साचलेल्या शेवाळं, प्लवक, जिवाणूंपासून बनतं. मुंबई हायचं तेल प्रामुख्याने पन्ना शैलसमूहातल्या शेलमधून (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकातून) आलं असं मानतात, आणि हा थर दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकावर, बसलाय. हा थर साचला तोवर डायनासोर संपले होते!

काळा दगड? सह्याद्रीचा काळेपणा लोहयुक्त खनिजांचा आहे. तो दगड म्हणजे हाच बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. त्यात सेंद्रिय पदार्थ कुठून येणार? (बेसाल्टखाली गाळाचे खडक असू शकतात, पण तो निराळा विषय.)

खरी गफलत ‘कार्बन भरपूर’ या शब्दांत आहे. कार्बन तर चंद्रपूरच्या कोळशातही भरपूर आहे, पण तिथे कुणी तेलविहीर खणत नाही. तेलाला त्या कार्बनला जोडलेला हायड्रोजन लागतो. तो मोजायला रॉक-इव्हॅल यंत्रात चिमूटभर खडकाची भुकटी हवेविना तापवतात. ३०० अंश सेल्सिअसपर्यंत आधीच तयार असलेलं तेल-वायू बाहेर पडतं, ते एस-१. पुढे तापवल्यावर केरोजेन, म्हणजे खडकातला घट्ट सेंद्रिय पदार्थ, फुटून जे निघतं, ते एस-२. समजा, खडकाचे दोन नमुने आहेत आणि दोन्हींत सेंद्रिय कार्बन २ टक्केच आहे. एकाचा एस-२ दर ग्रॅम खडकामागे १० मिलिग्रॅम, दुसऱ्याचा २. मग हायड्रोजन निर्देशांक, म्हणजे दर ग्रॅम सेंद्रिय कार्बनमागे किती मिलिग्रॅम एस-२, अनुक्रमे ५०० आणि १००. पहिला तेल देऊ शकतो, दुसऱ्याकडून फार तर वायू. ऑस्ट्रेलियाच्या गिप्सलँड खोऱ्यात कोळशानेही तेल दिलंय, कारण तिथल्या कोळशात हायड्रोजन जास्त आहे.

बरं, निर्देशांक चांगला आला तरी खडक जमिनीखालच्या उष्णतेने पुरेसा शिजलेला हवा. एस-२ सर्वाधिक निघतं ते तापमान, टी-मॅक्स, साधारण ४३५ अंशांच्या खाली असेल तर खडक कच्चा. अमेरिकेतल्या ग्रीन रिव्हरच्या शेलमध्ये सेंद्रिय पदार्थ प्रचंड आहे, पण बराचसा कच्चाच. तेल हवं तर तो शेल भट्टीत तापवावा लागतो.

राहिलं ‘तिथे तेल असणारच’. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल लागलं ते मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडीत. ते शिजलं मात्र आजूबाजूच्या खोलगट भागांतल्या शेलमध्ये आणि तिथून सरकत येऊन उंचवट्यावर अडकलं.