फावड्याने शर्ड मिळत नाहीत, आणि किल्ल्यावरची खापरी आपली नसते

माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेमबद्दलचा, ‘माइनक्राफ्टमधल्या पुरातत्त्वाची 6 गुपितं’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतोय. वर ‘सुट्टीत मुलांना द्या, खेळता खेळता इतिहास शिकतील’ असं लिहिलंय, त्यामुळे मोठी माणसंही न वाचता पुढे पाठवतायत. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या भाच्याने तो वाचला, खरा मानला, आणि खेळातल्या त्याच्या वर्ल्डमध्ये मोठ्या मुश्किलीने सापडलेलं ट्रेल रुइन्स, म्हणजे जमिनीत गाडलेले जुने अवशेष, एका दुपारीत फावड्याने साफ करून टाकलं. हाती एक शर्ड, म्हणजे नक्षीची खापरी, नाही. मग मावशीला फोन, तोही रडवेल्या आवाजात. मी हा खेळ खेळते, म्हणून मेसेज मागवून घेतला. सहाच्या सहा मुद्दे वाचले आणि डोकं फिरलं.

पहिलं गुपित म्हणे असं: ‘सस्पिशस सँड आणि ग्रॅव्हल सिल्क टचवाल्या फावड्याने उचला, घरी नेऊन निवांत ब्रश करा.’ साफ खोटं. सस्पिशस सँड आणि ग्रॅव्हल म्हणजे आत वस्तू दडलेले वाळूचे आणि खडीचे ब्लॉक; सिल्क टच म्हणजे ब्लॉक अख्खा उचलू देणारी हत्यारावरची जादू. हे ब्लॉक फोडले की काहीच पडत नाही. ना ब्लॉक, ना आतली वस्तू. सिल्क टच असो वा नसो. काच आणि बर्फ सिल्क टचने अख्खे उचलता येतात म्हणून इथेही चालेल, असा कुणीतरी अंदाज बांधला आणि करून न बघता लिहून मोकळा झाला.

ब्रश करायचा तो जागेवरच. पक्ष्याचं पीस, कॉपर इनगॉट आणि काठी एकाखाली एक ठेवली की ब्रश तयार होतो. बटण दाबून धरायचं. ब्लॉकचा थर टप्प्याटप्प्याने उतरतो आणि तुम्ही ज्या बाजूने घासताय त्या बाजूने वस्तू हळूहळू डोकावायला लागते. मध्येच हात काढला तर ब्लॉक पुन्हा बुजत जातो. शेवटपर्यंत धरलं की वस्तू बाहेर पडते आणि मागे साधी वाळू किंवा साधं ग्रॅव्हल उरतं.

मेसेजने न सांगितलेली आणि भाच्याला सगळ्यात महागात पडलेली गोष्ट वेगळीच आहे. सस्पिशस ब्लॉकला खालचा आधार लागतो. खालचा ब्लॉक काढलात तर तो कोसळतो, फुटतो आणि आतला माल जातो. ट्रेल रुइन्स जवळजवळ पूर्ण जमिनीखाली असतं, वर फक्त एखाद्या मनोऱ्याचं टोक दिसतं. बाजूने बोगदा मारत घुसलात तर डोक्यावरचं ग्रॅव्हल धडाधड खाली येतं. म्हणून वरून एकेक थर उतरवायचा, आणि पोत जरा वेगळा दिसला की फावडं बाजूला ठेवायचं. एकदा गेलेलं सस्पिशस ग्रॅव्हल खेळात पुन्हा बनवता येत नाही. आता त्या पोराने दुसरा तैगा (सूचिपर्णी झाडांचा प्रदेश) नाहीतर जंगल शोधत फिरायचं.

दुसरं गुपित: ‘ब्रशला फॉर्च्यून लावा, दुप्पट शर्ड मिळतील.’ फॉर्च्यून ही जास्त माल मिळवून देणारी जादू ब्रशला लागतच नाही. ब्रश जास्त टिकवणारा अनब्रेकिंग लागतो, दुरुस्त करणारा मेंडिंग लागतो. एका ब्लॉकमधून एकच वस्तू निघते. विषय संपला.

तिसरं: ‘कोणताही शर्ड कुठेही मिळतो, फक्त घासत राहा.’ नाही मिळत. 7 जून 2023 ला 1.20 आवृत्तीबरोबर पुरातत्त्व खेळात आलं तेव्हा 20 शर्ड होते आणि प्रत्येकाचं गाव ठरलेलं होतं. आर्चर, मायनर, प्राइझ, स्कल हे वाळवंटातल्या पिरॅमिडचे. आर्म्स अप आणि ब्रुअर वाळवंटातल्या विहिरींचे. अँग्लर, शेल्टर, स्नॉर्ट उबदार समुद्रातल्या अवशेषांत, आणि स्निफर या प्राण्याचं अंडंही तिथेच. ब्लेड, एक्सप्लोरर, मोर्नर, प्लेंटी थंड समुद्रात. उरलेले सात, म्हणजे हार्ट, हार्टब्रेक, हाऊल वगैरे, ट्रेल रुइन्सचे. पुढे 1.21 मध्ये आणखी तीन आले, पण ते ट्रायल चेंबर या भूमिगत दालनांमधल्या तयार भांड्यांवरचे, त्यांना ब्रशच लागत नाही. हाऊल हवा असेल तर वाळवंट आयुष्यभर घासलंत तरी मिळणार नाही. आणि योग्य जागी घासूनही दर वेळी शर्डच निघेल असं नाही. पिरॅमिडच्या वाळूत हिरा, पाचू, गनपावडर, टीएनटी यांतलं काहीही निघू शकतं.

चौथ्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. ‘हिरे देऊन शर्डची कॉपी करता येते’ असं मेसेज म्हणतो. शर्डची नाही करता येत. पण त्याच ट्रेल रुइन्समध्ये चिलखतावरच्या नक्षीचे साचे मिळतात: वेफाइंडर, रेझर, शेपर, होस्ट. त्यांची कॉपी होते, 7 हिरे आणि एक टेराकोटा देऊन. लिहिणाऱ्याने दोन्हींची खिचडी केली.

पाचवा मुद्दा, ‘भांडं फक्त शोभेचं, आणि फुटलं की शर्ड गेले’. दोन्ही चूक. चार शर्ड जोडून बनवलेलं भांडं हाताने काढलं तर अख्खं मिळतं, कुदळीने किंवा तलवारीने फोडलं तर चारही शर्ड परत मिळतात. शिवाय 1.20.3 पासून भांड्यात एका वस्तूचा एक स्टॅक (गठ्ठा) ठेवताही येतो.

इथपर्यंत नुकसान पडद्यावरचं होतं, समजावून सांगून मी गप्प बसले असते. पण सहावं गुपित असं आहे: ‘हेच खरं पुरातत्त्व. सुट्टीत मुलांना ब्रश देऊन किल्ल्यावर, टेकडीवर, नदीकाठी न्या. खापऱ्या, नाणी, मणी जे सापडेल ते तुमचं.’

तुमचं नाही! भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 हा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर ती काय आहे, कुठे सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दडवून ठेवलं तर शिक्षेची तरतूद आहे. नाणं सापडलं आणि खिशात घातलं, तर ते मुलाच्या नव्हे, बरोबर असलेल्या मोठ्या माणसाच्या अंगाशी येणार. शिवनेरी आणि लोहगड तर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचे किल्ले आहेत. तिथे हौसेने खणणं हा गुन्हाच आहे.

यावर आमच्या ग्रुपवर लगेच उत्तर आलं, ‘फुटक्या खापरीला दहा रुपये तरी कोण देतंय?’ कुणी देणार नाही, कबूल. पण खापरीची किंमत ती कुठे आणि कोणत्या थरात पडली होती यात असते.

आपल्याच जिल्ह्यातलं इनामगाव घ्या. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात तिथे पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीची, टेकाडं उत्खनन केली. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 एवढा काळ तिथे वस्ती होती. खाली माळवा संस्कृतीची भांडी, त्यावर लालवर काळ्या नक्षीची, वाजवली की खणखणणारी जोर्वे भांडी, त्यावर उत्तर जोर्वे, म्हणजे नंतरच्या टप्प्यातली जोर्वे भांडी. खापऱ्यांचा हा क्रम हाती होता म्हणूनच कळलं की आधी मोठी आयताकृती घरं होती आणि शेवटच्या टप्प्यात लहान गोल झोपड्या आल्या. दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात पुरलेली लहान मुलं घरांच्या जमिनीखाली सापडली. तो कुंभ एखाद्या हौशी माणसाने आधीच उचकटून दिवाणखान्यात नेऊन ठेवला असता, तर तो कुणाच्या घरातला, कोणत्या शतकातला, त्याखाली काय होतं, यातलं काहीही आज कुणाला सांगता आलं नसतं. शेकडो पोरांनी पावसाळ्यानंतर टेकाडावर वर आलेल्या चार-चार खापऱ्या खिशात घालून आणल्या, तर वेगळं काय होणार आहे?

खेळात निदान नवं वर्ल्ड सुरू करता येतं.

मुलांना खापऱ्या दाखवायच्याच असतील तर येरवड्याला डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय आहे, तिथे न्या. आणि फिरताना काही दिसलंच तर हात न लावता फोटो काढा, बाजूला मापासाठी पेन ठेवा, जागा लिहून घ्या आणि डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला कळवा. नाणी, दागिने, मूर्ती असं काही असेल तर थेट जिल्हाधिकारी कार्यालय. ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय, त्यांनी पहिले पाच मुद्दे ठेवायचे तर ठेवा, सहावा आजच्या आज काढून टाका आणि का काढला तेही ग्रुपवर लिहा.