रेप्लिका जरा हळू ठेवा

बैठकीचं इतिवृत्त आलंय. त्यात बॅकअपच्या टूलांचा माझा तुलना-तक्ता एका ओळीत आटोपलाय: 'टूलबाबत चर्चा झाली.'

मामला पोस्टग्रेसचा, म्हणजे आमच्या डेटाबेसचा. दिवसभर धबाधबा लिहिणं चालू. प्रत्येक बदलाची नोंद वॉल नावाच्या लॉगमध्ये होते. त्याची 16 एमबीची फाइल भरली की आर्काइव्ह कमांड ती उचलून दुसरीकडे ठेवते, पण एका वेळी एकच. आमच्याकडे ती कमांड म्हणजे साधी सीपी, फाइल कॉपी करणारी, नेटवर्कवरच्या डिस्कवर. कागदपत्रांत सीपीचं उदाहरण आहे खरं, पण 'हे उदाहरण आहे, शिफारस नाही' असंही तिथेच लिहिलंय. ते वाचतो कोण? फाइल पोहोचल्याशिवाय पोस्टग्रेस ती पुसत नाही. फाइली साचतात, डिस्क भरते, डेटाबेस आडवा. म्हणून मी पीजीबॅकरेस्ट, बारमन आणि वॉल-जी ही बॅकअपची टूलं मांडली. पीजीबॅकरेस्ट एकदम अनेक फाइली पाठवतो, हे सांगताना तर मला स्वतःचाच अभिमान वाटत होता.

"याला बटण कुठाय?" सर.

"कमांड द्यायची असते, सर."

"मग बॅकअप झाला हे कळणार कसं?"

अहाहा, काय प्रश्न! मी खुललो. म्हटलं, दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून बघायचा, तेव्हाच...

"रिस्टोअर नंतर बघू. आज विषय बॅकअपचा आहे. आणि आपल्याकडे रेप्लिका आहे ना?"

"सर, रेप्लिका म्हणजे डेटाबेसची चालू नक्कल. कुणी चुकून टेबल उडवलं तर तिच्यावरूनही उडतं."

"लगेच?"

"लगेच."

सरांनी डोळे मिटले. पेनचं टोपण दोनदा उघडलं, बंद केलं.

"मग रेप्लिका जरा हळू ठेवा."

टेबलाभोवती माना डोलल्या. कुणीतरी "वा!" म्हणालं.

आणि दुर्दैव बघा, हे खरंच करता येतं! रेप्लिकाला ठरावीक वेळ मागे ठेवणारी रिकव्हरी मिन अप्लाय डिले नावाची सेटिंग पोस्टग्रेस 9.4 पासून आहे. सरांना ती ठाऊक असण्याची सुतराम शक्यता नाही. मीही सांगितलं नाही. तेवढं मोठं मन माझ्याकडे नाही. शिवाय रेप्लिका तासभर मागे ठेवली तरी चूक तासाभरात लक्षात यायला हवी. आमच्याकडे चुका तिमाही अहवालात सापडतात. महिन्यापूर्वीच्या एखाद्या क्षणापर्यंत मागे जायचं तर पूर्ण बॅकअप आणि त्यापुढची सलग वॉल लागते. मधली एक फाइल गहाळ झाली की गाडी तिथेच थांबली. पण हे ऐकायला तोवर उरलंय कोण? चहा आला होता.

इतिवृत्तात 'रेप्लिका हळू करणे' सरांच्या नावावर जमा आहे, अंमलबजावणी माझ्या. टूलची निवड पुढच्या बैठकीत. सीपी चालूच आहे, आणि फाइली ज्या वेगाने साचताहेत तो बघता डिस्क बैठकीच्या आधी भरेल.