आधी छाती, मग रिक्षा

नमस्कार,

हृदय थांबलेल्या माणसाला सीपीआर कसा द्यावा, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं कसं ठेवावं, या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन. रंकाळ्यावर फिरायला आलेला माणूस कोसळला तर छाती दाबत बसू नये, रिक्षात घालून थेट सीपीआर रुग्णालयात न्यावं. न शिकलेल्याच्या हातून बरगड्या मोडतील, चालू हृदयही बंद पडेल. आणि 'श्वास देऊ नका, नुसते हात पुरे' हे मी सरसकट लिहिलं. तिसरा मान्य, त्याकडे शेवटी येतो. पहिला अजिबात मान्य नाही.

आपल्याकडे कोल्हापुरात सीपीआर म्हणजे दसरा चौकाजवळचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, त्यामुळे 'सीपीआर द्या' हे 'सीपीआरला न्या' असंच ऐकू येतं. पण हृदय थांबलं की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. रिक्षा थांबवा, चौघांनी उचला, आत कोंबा, यातच ती मिनिटं सरतात. वाटेत दाबायचं म्हटलं तर खाली मऊ सीट. जोर गादीत जिरतो. म्हणून पडला तिथेच, कडक जमिनीवर उताणं करून सुरुवात करायची. दुसऱ्यानं 108 ला फोन लावायचा.

खरी चूक ओळखण्यात होते. खांदे हलवून मोठ्यानं हाक मारा, दहा सेकंद श्वास बघा. हृदय थांबल्यावरही माणूस थोडा वेळ माशासारखं तोंड उघडतो, घोरल्यासारखा आवाज काढतो, मध्येच आचका देतो. बघे म्हणतात, 'श्वास हाय की!' तो श्वास नव्हे. कधी सुरुवातीला हातपाय झटकतात, मग फिट समजून कांदा हुंगवण्यात वेळ जातो. नाडी चाचपत बसू नका. घाबरलेल्या बोटांना स्वतःचेच ठोके लागतात.

तळहाताची टाच छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर. दुसरा हात त्यावर, कोपर ताठ. मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला 100 ते 120 वेळा. दर दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्या, हृदयात रक्त तेव्हाच भरतं. अंग टेकून राहिलात तर पुढे ढकलायला रक्तच नाही. दोन मिनिटांत तालमीतला गडीसुद्धा दमतो आणि दाब उथळ झालेला त्याला कळत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल. छाती बरोबर दाबूनही बरगडी मोडते. कट्ट वाजलं तर हाताची जागा तपासा आणि चालू ठेवा. बरगडी सांधते, मेंदू नाही. हृदय चालू असलेल्याला गंभीर इजा क्वचितच होते. तो कण्हला, हात झटकू लागला की थांबा.

आता तिसरा आक्षेप. पंचगंगेत बुडालेल्याचा आधी श्वास अडतो आणि मग हृदय थांबतं, त्यामुळे तिथे नुसते हात पुरत नाहीत. आधी तोंडानं दोन श्वास, मग 30 दाब आणि 2 श्वास असं चक्र. लहान मुलांनाही श्वास हवाच. पोट दाबून पाणी काढू नका. उलटी होऊन फुफ्फुसात जाते. मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार.